भरली घागर घेऊन समोरून ये

"जरा डावीकडून ये ग. माझ्या तोंडाम्होरून."

बापूसाहेब लोडाला टेकून मला हातानं वाट दाखवत होता. माझ्या डोक्यावर पितळेची घागर. काठोकाठ भरलेली. ऊन असं की चपलेचा तळ वितळून वाटेतच राहिला असता, पण चपला बाहेर काढून यायचा हुकूम होता.

त्याचा शेतातला आखाडा म्हणजे पत्र्याचं लांबलचक शेड. अर्ध्यात म्हशी, अर्ध्यात सतरंजी. सतरंजीवर गावातले गडी मांडी घालून गोल बसलेले, मधे पत्ते. त्या गोलात माझा नवरा दत्ता. तोंड असं, जसं काही परीक्षेचा निकाल यायचाय.

मी डावीकडून आले. तर एकजण आडवा आला.

"हे न्हाई चालायचं बापूसाहेब. बाई दत्ताची, शकुन दत्ताचा. दत्ताच्या म्होरून येऊ द्या."

"बाई दत्ताची हाय. आखाडा कुणाचा हाय?"

सगळे हसले.

"वापस जा ग. पुन्हा ये. आन पदर नीट घे, सवाशीण दिसली पायजे."

मी वापस गेले. पुन्हा आले. मग तिसऱ्याला वाटलं आपल्या बाजूनं यावी. मग चौथ्याला. बाजारात बैल बघतात ना, चालवून, फिरवून, तसं. बैलाचे निदान दात तरी बघतात.

शेवटी बापूसाहेबानं पानं उचलली, बघितली, मिशीत हसला. म्हणाला, "बास. आता ते पाणी उगं वाया घालू नको. म्हशीच्या हौदात ओत."

यावर सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? दत्ता.

मी पाणी हौदात ओतलं. म्हैस प्याली. तिनं माझ्याकडं बघितलं. त्या शेडात माझ्याकडं माणसासारखं बघणारी तेवढीच एक होती.

गावात बापूसाहेबाला सगळे अहो-जाहो करतात. मी पण करायची. लिहिताना करणार नाही.

शकुनाचं सांगते. आमच्याकडं माणूस कामाला निघाला आणि भरली घागर घेतलेली सवाशीण समोरून आली की काम फत्ते. म्हणून कुणाचं ऑपरेशन असो, पोरीची बोलणी असो, शेजारणीला सांगून ठेवतात, आम्ही निघालो की समोरून ये माय. सगळे करतात. मी पण कितीजणांसाठी केलंय. घरोघरी आता पाण्याचे जार येतात, पितळेची घागर माळ्यावर गेली. आमची तेवढी खाली राहिली. तिच्यातलं पाणी घरात कुणी कधी प्यालं नाही. तिचं काम एकच. दत्ता खेळायला निघाला की भरायची आणि समोरून यायची.

हे सुरू कसं झालं ते ऐका. मी बायकांची टोळी घेऊन खुरपायला जाते, कापूस वेचायला जाते. पातीवर, म्हणजे रानातल्या ओळीवर, बायका हातानं काम करतात, मी तोंडानं. मी गोष्ट सांगितली नाही तर पात पुढं सरकत नाही. त्यामुळं मला गोष्टीला मीठ लावायची खोड आहे. लग्नाच्या गोष्टीला थोडं लावलंय. दाराच्या गोष्टीला अजिबात लावलेलं नाही. ते तुम्हाला उलटं वाटेल.

माझं माहेर चारठाण्याच्या बाजूला. लग्न तिथंच झालं. मुहूर्त आला, अंतरपाट धरला, नवरदेव गायब. माझे मामे, चुलते, सगळं वऱ्हाड शोधायला पांगलं. कुणी विहिरीत डोकावलं. माझ्या मायनं तर रडायला सुरुवात केली होती. सापडला कुठं, तर जुन्या देवळाच्या दगडी खांबाआड. डोक्याला बाशिंग, अंगाला हळद, हातात तीन पत्ते. त्याला उठवायला गेलेला करवलाच खेळायला बसला. भटजीनं मंगलाष्टकं दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा चाल बदलून म्हटली. तेव्हा कुठं नवरदेव आला. हसत आला. चुलतभावाची मोटारसायकल जिंकून आला.

त्याच मोटारसायकलवर मला सासरी आणलं. पूर्णेच्या पुढं, चुडाव्याच्या अलीकडं. उंबऱ्यावर आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, माप ओलांडायच्या आधी माझे पाय बघितले. आणि वाड्या-वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सून चांगल्या पायगुणाची मिळाली. मांडवातच गाडी आली."

झालं. त्या दिवसापासून दत्ता जिंकला तर माझा पाय. दत्ता हरला तरी माझाच पाय. त्याच्या हातात पत्ते असायचे, पण खेळ माझे पाय खेळायचे.

जिंकायचा का? जिंकायचा की. कधीमधी. जिंकला त्या दिवशी जिलेबी, मोगऱ्याचा गजरा, मला 'राणीसाहेब' म्हणायचा. असा गोड बोलायचा की मधमाशी कानात घर करील. हरला की जेवायचा नाही. ताट भिंतीवर. 'अवदसा' म्हणायचा. पुढं पुढं नुसतं म्हणून थांबायचा नाही. मग सकाळी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. "गौरीची आन, पुन्हा पत्त्याला हात लावला तर." दुपारी घागर भर.

बायको काय त्या ताटानं मरत नाही. त्या शपथेनं मरते. दर वेळी वाटतं, ह्या वेळची खरी असंल. दहाव्यांदा वाटतं. विसाव्यांदा वाटतं. मग एक दिवस वाटायचं बंद होतं. आणि वाटायचं बंद झालेली बाई घरात राहते, भाकरी थापते, पण ती तिथं नसते.

घरातल्या वस्तू पायानं चालत जाऊ लागल्या. आधी मिक्सर गेला. मग पंखा. माहेरची शिलाई मशीन गेली तेव्हा मी चार दिवस बोलले नाही, त्याला कळलंच नाही. मधल्या काळात पत्ते मोबाइलवर आले. तेव्हा हा बाजेवर पडून खेळायचा आणि मी घागर घेऊन मोबाइलच्या समोरून जायची. हसू नका. मोबाइलच्या कुठल्या बाजूला तोंड आणि कुठल्या बाजूला पाठ, यावरून आमची भांडणं झाली आहेत. मग मोबाइलवरचा डाव बंद पडला तशी मंडळी पुन्हा बापूसाहेबाच्या सतरंजीवर.

आता दाराची गोष्ट. एका संध्याकाळी मी कापूस वेचून घरी आले. घराला दार नाही. कडी नाही, फळ्या नाहीत, चौकटीत नुसता उजेड. आत गौरी अभ्यास करत बसलेली, जसं काही झालंच नाही.

"दार कुठं गेलं ग?"

"बाबा घेऊन गेले."

"कुठं?"

"माहीत न्हाई. म्हणाले, नवीन आणतो. पितळी कड्यांचं."

दुसऱ्या आठवड्यात बापूसाहेबाच्या शेतात निंदायला गेलो. त्याची जमीन कॅनॉलच्या दोन्ही अंगाला, नजर थकली तरी बांध येत नाही. पाणी प्यायला आखाड्यावर गेले तर वासरांच्या खोलीला माझं दार. त्यावर दिवाळीला गौरीनं उमटवलेला कुंकवाचा हात तसाच. माझ्या लेकीचा हात वासराला राखत बसला होता. आमच्या घराला मी ज्वारीच्या पोत्याचा पडदा शिवला. त्या पडद्याआड मी तीन पावसाळे काढले.

नवरा जुगारी आहे असं लोकांनी म्हटलं असतं तर वाईट वाटलं नसतं. पण लोक म्हणायचे, "दत्ताला नाद हाय." नाद. जसा कुणाला भजनाचा असतो. नाद गड्याचा आणि पायगुण बाईचा. कुणी ठरवलं हे? तर ज्यांच्या घराला दारं आहेत त्यांनी.

पुढं तो सारखाच हरू लागला. मग आखाड्यावर ठरलं की माझ्या पायातला गुण सरला. एकजण म्हणाला, बाईचा पाय सात-आठ वर्षं चालतो, मग उतरतो. दुधाच्या म्हशीचा हिशोब. मला बोलावणं बंद झालं. खरं सांगते, मला बरं वाटलं. वाटलं, सुटले. घागर मी माळ्यावर टाकली आणि त्या दिवशी पातीवर इतक्या गोष्टी सांगितल्या की बायकांनी एका दुपारीत दोन दिवसांचं रान काढलं.

मी सुटले म्हणजे जागा मोकळी झाली, हे माझ्या लक्षात आलं नाही.

हळदीच्या रानात होतो. ऐन दुपारी शांताबाई, माझ्या टोळीतली, भाकर आणायला घरी गेली होती ती पळत आली. धाप लागलेली.

"तुपली गौरी आखाड्याकडं जायलीय. डोक्यावर कळशी हाय."

मी कशी गेले ते आठवत नाही. पातीवर सांगताना मी म्हणते, कॅनॉल एका उडीत ओलांडला. तो बहुतेक पुलावरूनच ओलांडला असणार. पण चपलेतून पायात काटा मोडलेला मला रात्री दिसला.

गौरी शाळेच्या ड्रेसवर होती. निळा पिनो फ्रॉक, दोन वेण्या. कपाळाला आत्याबाईनं रुपयाएवढं कुंकू लावलेलं. डोक्यावर छोटी कळशी, दोन्ही हातांनी धरलेली, पाणी तोंडावर ओघळतंय आणि ते पुसता येत नाही म्हणून डोळे मिटत-उघडत चाललेली. कुमारिकेचा शकुन सवाशिणीपेक्षा भारी असतो म्हणे.

शेडातून आवाज आला. बापूसाहेबाचा.

"ये बाळ. माझ्या बाजूनं ये. बघू तुपला पाय मायवर गेलाय का."

आणि दत्ता. गुडघ्यावर उभा राहिलेला. लेकीला हात करत होता, "इकडं बेटा, इकडं. बाबाकडं."

दोन बाजूंनी दोन गडी. मधे माझी लेक, कुठं जावं कळेना म्हणून थांबलेली.

मी तिच्या डोक्यावरची कळशी उचलली. सतरंजीवर गेले. चपला घालून गेले. आणि कळशी पत्त्यांवर पालथी केली. सगळी. पानं वाहत म्हशीकडं गेली.

मग मी रिकामी कळशी माझ्या डोक्यावर घेतली आणि एकेकाच्या समोरून चालले. सावकाश. रिकाम्या भांड्याची बाई समोरून आली की घात होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. एकानं तोंड फिरवलं. एकानं टोपीनं डोळे झाकले. एक दांडगा गडी, पोलिसात भरती व्हायला निघालेला, पाठमोरा होऊन गोठ्यात शिरला. भरल्या घागरीला हसत होते, रिकाम्या कळशीला भ्याले.

बापूसाहेबासमोर मी जरा जास्त थांबले.

"दत्ता," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता, "तुपली बाई आवर."

दत्ता म्हणाला, "चल घरी. दावतो तुला."

मी म्हणाले, "घराला दार न्हाई. तू काय दावतो ते सगळ्या गावाला दिसंल."

गौरीचा हात धरला आणि तशीच स्टेशनला गेले. खुरपं कमरेलाच होतं. गाडीत एका बाईनं विचारलं, कुठं निघालात. गौरी म्हणाली, "आमी आजीकडं राहायला चाललो." मी काही सांगितलं नव्हतं. लेकराला कळलं होतं.

माहेरी काय वाजतगाजत स्वागत झालं असं समजू नका. मायनं पाय धुवायला पाणी दिलं. दादा, म्हणजे माझे वडील, रात्री जेवताना म्हणाले, "गडी नादी असतो. बाईनं सांभाळून घ्यावं लागतं."

"किती?" मी विचारलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. वाईट माणूस नाही तो. थकलेला माणूस आहे. मीही थकले होते. दोन थकलेली माणसं एका चुलीपाशी बसली की भांडण पण होत नाही.

महिन्याभरानं निरोप आला. बैठक ठेवलीय, काडीमोड करून टाकू. काडीमोड म्हणजे चार माणसांसमोर वाळली काडी घ्यायची, नवरा-बायकोनं एकेक टोक धरून मोडायची. मोडली की सुटले. ना कोर्ट, ना कचेरी. आमच्याकडं अजून चालतं. माझ्या मावशीची अशीच मोडली होती. पाच वर्षांनी तो नवरा दारात येऊन उभा राहिला, म्हणाला, कोर्टाचा कागद दाखव. कागद नव्हता. मावशी मुकाट्यानं गेली.

बैठक कुठं? बापूसाहेबाच्या आखाड्यावर. तीच सतरंजी. वाळली होती. पत्ते उचलून लोडाखाली सारलेले, एका पानाचं टोक बाहेर दिसत होतं. आणि न्याय करायला कोण? मधोमध बापूसाहेब. ज्याच्या घरी चोरी झाली त्यानं चोराच्याच घरी पंचनाम्याला जावं, तसं आम्ही गेलो. दादा सतरंजीच्या कडेला बसले. मला बसायला कुणी म्हणालं नाही. बाई खांबापाशी उभी असते. तिचा बाप बोलतो.

बापूसाहेब दादांना म्हणाला, "पाव्हणं, आमाला वाढवायचं न्हाई. काडी मोडू. मगर एक बोलणं हाय. पोरगी हिथं आज्जीपाशी ऱ्हाईल. आन तुमच्या लेकीनं चार माणसांत एवढंच म्हणावं, की माझा पायगुण न्हाई लागला ह्या घराला. बास. दत्ताला दुसरी करायची हाय. समोरच्याला काय सांगावं त्यानं?"

बघा, काय डोकं आहे. मिक्सर, पंखा, मशीन, दार, सगळं माझ्या पायानं खाल्लं. एक वाक्य म्हणायचं, की दत्ता धुतल्या तांदळासारखा. दुसरी बायको करायला मोकळा. घागर भरायला मोकळा.

दादा माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "म्हण की बाई. शब्दानं काय अंगाला भोकं पडत्यात का?"

दत्तानं काडी पुढं केली. तुरीची काडी होती. पत्ते पिसावेत तशी ती बोटांत फिरवत होता. मला त्या हाताची कीव आली, खोटं कशाला बोलू. ह्याच हातानं त्यानं मला गजरा माळला होता.

मी खांब सोडला. सतरंजीवर जाऊन बसले. मांडी घालून. बसलेल्या बाईकडं सगळे असे बघत होते जशी काही मी छपरावर चढले.

"काडी मी धरणार न्हाई," मी म्हणाले. "ते वाक्य म्हणणार न्हाई. आन पोरगी तर तुमच्या दहा पिढ्यांना दिसणार न्हाई. मला कोर्टाची फारकत पायजे."

आत्याबाई वासरांच्या खोलीच्या दाराआडून म्हणाली, "तोंड बघा तोंड. असल्या तोंडाची म्हणूनच घर बसलं."

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमी माझे पाय बघून घरात घेतलं. तवाच तोंड बघायचं होतं."

एक म्हातारा फसकन हसला आणि लगेच खोकला. बापूसाहेब उठून गेला. दादा मला वाटेत म्हणाले, "आता आपल्याला कोण इचारंल?" त्यांचं खरं होतं. त्या हंगामात त्या गावात मला कुणी कामाला बोलावलं नाही. माझ्या टोळीतल्या बायका बापूसाहेबाच्या हळदीवर गेल्या. शांताबाईसुद्धा गेली. मी रागावले नाही. तिच्या घरात खाणारी तोंडं आहेत, माझ्या रागानं त्यांची पोटं भरत नाहीत. मी माहेरच्या बाजूला नवी टोळी जमवली. पुन्हा पहिल्यापासून गोष्टी सांगायला लागले.

परभणीला कोर्टात जायला लागून आता दुसरा उन्हाळा संपला. सकाळची एसटी, मग ऑटो, मग व्हरांडा. व्हरांड्यात माझ्यासारख्या बाया. एकीच्या नवऱ्याला मटका, एकीच्या नवऱ्याला क्रिकेटचा सट्टा, एकीचा नवरा मास्तर आहे, तो शाळेच्या संडासात बसून मोबाइलवर लावायचा. प्रत्येकीनं आधी एकच सांगितलं, "माणूस तसा चांगलाय हो." मी पण सांगायची. हे वाक्य सोडायला मला ते घर सोडण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

माझी वकीलबाई भली आहे. तरणी आहे, पण घाई करत नाही. तिनं मला समजावलं, घटस्फोटाच्या कायद्यात जुगार असं वेगळं कारण नाही. छळ म्हणून, क्रूरता म्हणून मांडावं लागेल, एकेक प्रसंग सिद्ध करावा लागेल. साक्षी लागतील. मी शांताबाईला विचारलं. ती म्हणाली, "मी तुझ्यासंगं येईन, व्हरांड्यात बसंन. पिंजऱ्यात न्हाई चढणार. मला त्याच गावात मरायचंय." ती येते खरंच. भाकर बांधून आणते. बसते.

मागच्या तारखेला दत्ता व्हरांड्यात भेटला. वाळून काडी झालाय. शर्टाची वरची गुंडी तुटलेली. एके काळी मी ती लावली असती. म्हणाला, "एक डाव लागू दे. सगळं वापस आणतो. मशीन आणतो. तुला बी आणतो."

मला. मशीनच्या पाठोपाठ. मी पण हरलेल्या सामानातच होते.

"मी डावात गेलेली न्हाई दत्ता," मी म्हणाले. "मी चालत गेले."

तो गौरीबद्दल काही विचारेल असं वाटलं. थांबले जरा. नाही विचारलं.

मग त्यांच्या वकिलाचा निरोप आला. दत्ता सहमतीनं सोडायला तयार आहे. पोरगी माझ्याकडं, भांडण नाही, काही महिन्यांत मोकळी. फक्त अर्जात लिहायचं, उभयतांचे स्वभाव जुळत नाहीत, पटत नाही, म्हणून विभक्त होत आहेत. जुगार लिहायचा नाही. आखाडा लिहायचा नाही. बापूसाहेबाला निवडणुकीला उभं राहायचंय.

दादा म्हणाले, घे. माय म्हणाली, घे. शांताबाईनं भाकर सोडता सोडता सांगितलं, "घे माय. सुटका ती सुटकाच." वकीलबाईनं दोन्ही बाजू मांडल्या. हे घेतलं तर यंदा सुटशील. नाही घेतलं तर किती वर्षं, मी सांगू शकत नाही. वाईट विचारतील. तुझ्या चालीवर विचारतील. घरचं कोणी साक्षीला नाही, केस पडू पण शकते.

मी एक दिवस मागून घेतला. खरंच थकले होते. रात्री उशीला डोकं टेकवलं तरी अंग एसटीत असल्यासारखं हलत असतं. पोरगी मिळत होती. मोकळीक मिळत होती. एका सहीचं काम. कुणी म्हणेल, मग कशाला अडून बसलीस. तर सांगते.

पटत नव्हतं, असं लिहिलं की दोघांचं अर्धं अर्धं झालं. भाजीत मीठ कमी पडलं, नणंदेशी जमलं नाही, स्वभाव तापट, असं काहीतरी. उद्या गौरी मोठी होईल. तिला बघायला पाहुणे येतील, विचारतील, हिच्या मायबापाचं काय झालं. कुणीतरी म्हणेल, पटलं नाही. आणि मग कुणीतरी हळूच तिचे पाय बघेल.

सकाळी मी वकीलबाईला सांगितलं.

"पटत न्हाई असं लिहू नका. माझ्या साक्षीच्या कागदात असं लिहा, नवऱ्यानं मला जुगारात शकुन म्हणून चालवलं. मग पोरीला चालवलं. घराचं दार पणाला लावलं. जागा कुणाची, तेबी लिहा."

"त्यांचं नाव?"

"पूर्ण. बापाच्या नावासगट."

"वेळ लागेल."

"लागू द्या."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढची तारीख सोयाबीन काढणीच्या ऐन भरात आलीय. हंगामातला रोज बुडणार. बुडू दे. टोळीतल्या बायकांना मी सांगून ठेवलंय, त्या दिवशी पातीवर गोष्ट मिळणार नाही. पिंजऱ्यात मी मीठ लावणार नाही. एक शब्द वाढवणार नाही आणि एक शब्द गाळणार नाही. विचारतील तेवढ्या वेळा सांगणार. केस पडली तर वरच्या कोर्टात सांगणार. फारकत मला पाहिजेच, पण खऱ्या कारणानं पाहिजे. खोट्या कारणाच्या फारकतीवर मी सही करणार नाही. म्हातारी झाले तरी नाही.